लाल वाचलं, पिवळं राखलं

मोठ्या ऑपरेशनमध्ये सांडणारं रक्त गोळा करून, धुऊन, त्याच पेशंटला परत देणारं यंत्र हृदयशस्त्रक्रियेच्या थिएटरमध्ये आता नवलाचं राहिलेलं नाही. सगळे त्याला सेल सेव्हर म्हणतात. त्याच्या बाजूला लटकलेल्या मोठ्या पिशवीकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. ती कचऱ्याची पिशवी. धुण्याचं सलाइन, जखमेतली घाण, फुटलेल्या तांबड्या पेशींचं हिमोग्लोबिन, रक्त गोठू नये म्हणून वापरलेलं हेपॅरिन असं सगळं तिच्यात जातं. त्याच्यासोबत पेशंटचा प्लाझ्माही जातो आणि बहुतेक सगळ्या प्लेटलेट्सही. वाचतात त्या तांबड्या पेशी. यंत्रातून परत आलेलं हे रक्त प्राणवायू उत्तम वाहून नेतं, पण जखम बुजवायची म्हटली तर त्याच्यापाशी काहीच नसतं.

याच यंत्राकडून नेमकं उलटं काम करून घेण्याची एक रीत आहे. पेशंटला भूल दिल्यावर, पण हेपॅरिन देण्याच्या आधी, त्याच्या मोठ्या शिरेतून रक्त काढायचं, यंत्राच्याच बाउलमध्ये फिरवायचं, आणि एरवी कचऱ्यात जाणारा पिवळा भाग जपून वेगळ्या पिशवीत घ्यायचा. तांबड्या पेशी पेशंटला परत द्यायच्या. मग हृदय थांबवणं, दुरुस्त करणं, पुन्हा सुरू करणं हे सगळं पार पडलं की शेवटी ती पिवळी पिशवी ज्याची त्याला. 1987 साली इटलीतल्या एका गटाने हृदयाच्या ऑपरेशनांसाठी ही पद्धत मांडली. वैद्यकाच्या पुस्तकांत तिला प्लेटलेट सीक्वेस्ट्रेशन म्हणतात.

यंत्र तेच आणि बाउलही तोच. बदलतो तो कामांचा क्रम, आणि हात कुठे थांबवायचा ती जागा. या पद्धतीत जे पाहण्यासारखं आहे ते सगळं या दोन बदलांत आहे, म्हणून तिचं रसग्रहणही त्यांच्याच अंगाने करायला हवं.

आधी जिच्यासाठी हा खटाटोप, ती पेशी. शाळेच्या पुस्तकातल्या रक्तपट्टिकांना महाराष्ट्रात प्लेटलेट्स म्हणून घरोघरी पोचवलं ते डेंग्यूने. साथ आली की रोज सकाळी आकडे विचारले जातात, ‘एसडीपी (एकाच दात्याच्या प्लेटलेट्सची पिशवी) कुठे मिळेल’ म्हणून फोन फिरतात, कोणीतरी पपईच्या पानांचा रस घेऊन येतं. त्या काळजीत आकडाच तेवढा मोठा होऊन बसतो. हृदयाच्या थिएटरमध्ये मात्र आकड्याइतकाच प्लेटलेटचा स्वभाव मोजावा लागतो. 1882 साली तुरिनमध्ये जुलिओ बिझ्झोझेरो यांनी हा रक्ताचा स्वतंत्र घटक असल्याचं दाखवलं, आणि जखम झालेल्या वाहिनीत या पेशी एकमेकींना चिकटताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. दोन-तीन मायक्रॉनची ही चपटी तबकडी. तिला केंद्रक नाही, आयुष्य आठ-दहा दिवसांचं. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये अशा दीड ते साडेचार लाख. शांत असते तोवर ती गुळगुळीत असते. वाहिनीचं अस्तर फाटून आतलं कोलॅजेन उघडं पडलं, किंवा रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनची चाहूल लागली, की तिचा आकार गोल होतो, तिला काटे फुटतात, आणि पोटातली रसायनं बाहेर टाकून ती बाकीच्यांना बोलावून घेते. पुरती पेटलेली प्लेटलेट पुन्हा शांत होत नाही. तिच्या वाट्याला एकच काम येतं, आणि तेही एकदाच.

अशा तापट पेशीसाठी हार्ट-लंग मशीनइतकी वाईट जागा शोधून सापडणार नाही. 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी या मशीनच्या मदतीने पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं, तेव्हापासून हृदय उघडून दुरुस्त करता येऊ लागलं. त्याची किंमत रक्त मोजतं. कृत्रिम फुप्फुसातल्या बारीक पोकळ तंतूंचा पृष्ठभाग दोन चौरस मीटरच्या घरात असतो, आणि तो सगळा परका. रक्त लागताच त्यावर फायब्रिनोजेनचा थर बसतो. त्या थराला प्लेटलेट्स जखम समजतात आणि जाऊन चिकटतात. नळ्या भरण्यासाठी वापरलेल्या लिटर-दीड लिटर द्रवाने उरलेल्या विरळ होतात. थंडी, पंप, छातीत साचलेलं रक्त ओढून घेणारं सक्शन, यांतलं प्रत्येक जण त्यांना डिवचतं. मशीनवरून उतरेपर्यंत प्लेटलेट्सची संख्या तिसऱ्या हिश्शाने, कधी निम्म्यानेही घटलेली असते, आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच जणींची शक्ती आधीच संपलेली असते. नेमक्या त्याच वेळी सर्जनच्या टाक्यांची भोकं बुजवायला त्या हव्या असतात.

सीक्वेस्ट्रेशनचा आशय एवढाच: ज्या पेशी शेवटी लागणार आहेत, त्यांतल्या काहींना मधला प्रसंग दिसूच द्यायचा नाही.

रक्त सांडलं तर ते फेकू नये, हा विचार जुना आहे. आधी दुसऱ्याचं रक्त देणं आलं: 1818 साली लंडनच्या जेम्स ब्लंडेल यांनी माणसाचं रक्त माणसाला दिलं. बाळंतपणात रक्तस्रावाने मरणाऱ्या बायका पाहून ते या वाटेला वळले होते. 1886मध्ये एडिंबरोच्या जॉन डंकन यांनी, पाय कापताना वाहिलेलं रक्त सोडियम फॉस्फेट मिसळून त्याच माणसाला परत दिल्याचं लिहिलं. पुढे रक्तपेढ्या आल्या, बाटलीतलं रक्त सहज मिळू लागलं, आणि सांडलेल्या रक्ताची आठवण मागे पडली. ती परत आणली व्हिएतनामच्या युद्धाने. तिथे काम केलेले सर्जन जेराल्ड क्लेबनॉफ यांनी 1970च्या सुमाराला रक्त ओढून लगेच परत देणारं यंत्र वापरात आणलं. त्यात धुणं नव्हतं. रक्तासोबत गुठळ्यांचा चुरा जायचा, आणि रक्त साठवायचं पिंप रिकामं झाल्याचं कोणाच्या ध्यानात आलं नाही तर शिरेत हवा जाण्याचा धोका असायचा. धुऊन देणारं यंत्र हे या दोन्ही धोक्यांना दिलेलं उत्तर.

त्या यंत्राचा बाउल मात्र रणांगणातून आलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात प्लाझ्मातली प्रथिनं वेगळी काढण्याचं काम हार्वर्डच्या एडविन कोन यांनी केलं. पुढे अख्खं रक्त वेगळं करण्यासाठी त्यांनी दुग्धव्यवसायातल्या सेपरेटरचं तत्त्व उचललं. जॅक लॅथम या इंजिनिअरने त्याचा स्वस्त, एकदा वापरून टाकून देण्याजोगा बाउल घडवला आणि 1971 साली मॅसॅच्युसेट्समध्ये हीमोनेटिक्स ही कंपनी काढली. गावच्या डेअरीत दुधातून साय वेगळी करणारं यंत्र ज्याने पाहिलंय, त्याला यातलं निम्मं आधीच कळलेलं असतं. गरगर फिरवलं की जड ते कडेला जातं, हलकं ते मध्याकडे राहतं. उरलेलं निम्मं मात्र डेअरीत दिसत नाही.

पारदर्शक प्लास्टिकच्या, बहुधा 225 मिलीलिटरच्या या बाउलमध्ये रक्त मधल्या नळीतून तळाशी उतरतं आणि तिथून बाहेरच्या भिंतीकडे फेकलं जातं. तांबड्या पेशींची घनता 1.1च्या जवळ, प्लाझ्माची 1.03च्या आसपास, आणि प्लेटलेट्स या दोघांच्या मध्ये कुठेतरी. म्हणून भिंतीला लाल थर बसतो, आतल्या अंगाला पिवळा, आणि दोहोंच्या सीमेवर पांढरट करडी कडा. रक्त येत राहतं तसा लाल थर जाड होत जातो आणि पिवळ्याला वरच्या तोंडातून बाहेर ढकलतो. लॅथमच्या कारागिरीची खरी परीक्षा बाउलच्या मानेशी आहे. बाउल मिनिटाला हजारो फेऱ्या घेतो, पण त्यात रक्त आणणारी आणि नेणारी नळी जागची हलत नाही. फिरत्या आणि स्थिर भागांमधला सांधा इतका घट्ट असावा लागतो की रक्त निर्जंतुक राहील, आणि इतका सैल की घर्षणाने पेशी भाजणार नाहीत. बाहेरून पाहताना हे काहीच जाणवत नाही, कारण सांधा नीट जमलेला असतो.

नेहमीच्या वापरात इथून पुढचा मार्ग ठरलेला आहे. लाल थर बाउलच्या खांद्यापर्यंत आला की रक्त थांबतं, लिटर-दीड लिटर सलाइन आत सोडलं जातं, कचऱ्याच्या नळीतून येणारं पाणी निवळेपर्यंत धुणं चालतं, आणि पन्नास-साठ टक्के हिमॅटोक्रिटचा, म्हणजे तेवढा भाग तांबड्या पेशींचा असलेला, दाट लाल द्रव पिशवीत येतो. काम खणखणीत आणि उपयोगाचं. त्यात विचार करण्याची जागा फारशी नाही, आणि म्हणूनच आजची यंत्रं ते आपलं आपण करतात.

सीक्वेस्ट्रेशन सुरू झालं की हेच यंत्र हळुवार होतं. पहिला फरक रक्त न गोठण्याच्या औषधात दिसतो. सांडलेल्या रक्तासाठी हेपॅरिन चालतं, कारण ते पुढे धुतलंच जाणार आहे. काढून ठेवायच्या रक्तासाठी सायट्रेट लागतं. सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, आणि कॅल्शियमविना गोठण्याची साखळी पुढे सरकत नाही. प्लेटलेटला ते धक्का लावत नाही, फक्त तिच्या हातातलं काडेपेटीचं काम काढून घेतं. नंतर पिशवी परत दिली की पेशंटचं यकृत सायट्रेट पचवून टाकतं, कॅल्शियम मोकळं होतं, आणि प्लेटलेट पुन्हा कामाला तयार. हेपॅरिन स्वतःच प्लेटलेट्सना थोडं अस्वस्थ करतं. म्हणून रक्त काढायचं ते हेपॅरिनच्या आधी. या पद्धतीत जो पहिला नियम पाळला जातो, तो असा घड्याळाचा आहे.

दुसरा फरक वेगात. जुन्या निबंधांतले आकडे पाहिले तर बाउल 5600 फेऱ्यांनी सुरू होतो आणि पुढे 2400वर उतरतो. यंत्रागणिक हे आकडे बदलतात, पण चढ आणि उतार यांचं नातं तेच राहतं. पूर्ण वेगात आधी निवळ, सोनेरी प्लाझ्मा बाहेर येतो. त्यात प्लेटलेट्स फार थोड्या असतात, कारण त्या लाल थराला दाबून बसलेल्या असतात. तो प्लाझ्मा एका पिशवीत जातो. मग वेग कमी केला जातो. दाब सैल झाल्यावर मधल्या थरातल्या हलक्या पेशी सुटू लागतात, आणि नळीतला पिवळा रंग गढूळ होतो. इथे यंत्र चालवणाऱ्या परफ्युजनिस्टची नजर नळीवर खिळते. गढूळपणा दिसताच दुसऱ्या पिशवीचा क्लॅम्प उघडायचा. काही सेकंदांतच त्या पिवळ्यात तांबूस झाक उतरू लागते. आता थांबायचं का?

या प्रश्नाच्या उत्तरात सगळं कसब आहे. स्वच्छतेची आवड असलेला माणूस तांबूस दिसताच क्लॅम्प लावेल, आणि चुकेल. ताज्या, नुकत्याच अस्थिमज्जेतून आलेल्या प्लेटलेट्स आकाराने मोठ्या आणि वजनाने जड असतात. त्या लाल थराच्या माथ्यावरच, तांबड्या पेशींत मिसळून बसतात. म्हणजे सगळ्यात तरतरीत पेशी सगळ्यात शेवटी, लालासोबत येतात. त्या हव्या असतील तर थोडं लाल सोसावं लागतं. फार सोसलं तर तांबड्या आणि पांढऱ्या पेशींचा लोंढा पिशवीत शिरतो, आणि पांढऱ्या पेशी साठवणीत उपद्रव करतात. यंत्राला प्रकाशाचा सेन्सर असतो, तो रंग ओळखतो. पण रक्त पातळ असलेला पेशंट, चरबीने गढूळ झालेला प्लाझ्मा, हळूहळू भरलेला बाउल, यांपैकी काहीही आलं की सेन्सरचा अंदाज हुकतो आणि माणसाचं डोकं लागतं. या शेवटच्या काही मिलीलिटरसाठीच मला ही सगळी प्रक्रिया पुन्हा पुन्हा पाहावीशी वाटते. शुद्धतेच्या अलीकडे थांबलं तर पीक कमी, पलीकडे गेलं तर त्यात भेसळ. योग्य जागा जराशी मळलेली असते.

पीक नीट आलं की नाही हे पाहण्याची रीतही सुंदर आहे. पिशवी उजेडासमोर धरायची आणि हलकेच डोलवायची. प्लेटलेट्स निरोगी असतील तर त्या चपट्या असतात, आणि प्रवाहात एकाच दिशेने वळल्या की त्यांच्यावरून उजेड चमकत जातो. पिवळ्या द्रवात धुराचे पट्टे भोवंडल्यासारखे दिसतात. पेशी बिघडून गोल झाल्या असतील तर कशीही डोलवा, पिशवी निर्जीव, एकसारखी दिसते. रक्तपेढ्यांत हे रोज पाहिलं जातं, आणि त्याला स्वर्लिंग म्हणतात. एका मायक्रॉनच्या आकाराचा बदल साध्या डोळ्यांना दिसावा, तोही कुठल्याही उपकरणाविना, ही या पद्धतीतली मला सर्वांत मोहवणारी जागा.

नंतरचा भाग वाट पाहण्याचा. पिशवी फ्रिजमध्ये ठेवायची नाही. थंडीत प्लेटलेटचा आकार बिघडतो, आणि अशा पेशी परत दिल्या तर शरीर त्यांना लवकर काढून टाकतं. स्कॉट मर्फी आणि फ्रँक गार्डनर यांनी 1969 साली हे दाखवून दिल्यापासून जगभरच्या रक्तपेढ्या प्लेटलेट्स 20 ते 24 अंशांवर, सतत हलवत ठेवतात. थिएटरमध्येही पिशवी तशीच, साध्या तापमानाला, डोलत राहते. आणि त्याच खोलीत, महाधमनीच्या कमानीचं मोठं ऑपरेशन असेल तर, पेशंटचं शरीर 18-20 अंशांपर्यंत उतरवलेलं असतं. सर्जन कमान उघडतो तेव्हा मेंदूकडे सोडलेली बारीक धार वगळता अंगातला रक्तप्रवाह थांबलेला असतो. पेशंट 18 अंशांवर निश्चल, त्याच्याच प्लेटलेट्स 22 अंशांवर, टेबलापासून काही फुटांवर डोलत. एकाच माणसाच्या रक्ताला एकाच वेळी दोन तापमानं देणारी दुसरी रचना मला ठाऊक नाही. शरीराला वाचवायला थंडी हवी, आणि त्याच शरीरातल्या एका पेशीला थंडी चालत नाही. दोन्ही अटी एकदम पाळायच्या तर पेशीला शरीराबाहेर काढणं हाच मार्ग उरतो. इथे सीक्वेस्ट्रेशन निव्वळ काटकसर राहत नाही, ते त्या ऑपरेशनची गरज असल्यासारखं दिसतं.

मग परत देण्याचा क्षण. पेशंट ऊबदार झाला, हृदय चालू झालं, मशीन बंद झालं. आता प्रोटामिन दिलं जातं. सामन माशाच्या वीर्यातून काढलेलं हे प्रथिन डुकराच्या आतड्यातून काढलेल्या हेपॅरिनला बांधून निष्क्रिय करतं. दोन प्राण्यांची ही गाठ एका माणसाच्या रक्तात पडते. पिवळी पिशवी याच्या नंतरच लावायची. घाईने आधी लावली तर ताज्या पेशी हेपॅरिनच्या आणि मशीनच्या तावडीत सापडतील, आणि तासन् तास राखून ठेवलेलं पाच मिनिटांत वाया जाईल. प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स एकत्र परत जातात तेव्हा नुसता आकडा वाढत नाही. प्रसंगाची झळ न लागलेली गोठण्याची सामग्री, दुसऱ्या कोणाच्याही शरीरातून न आलेली, पेशंटला मिळते. रक्तदात्याकडून येणाऱ्या संसर्गाची भीती नाही, परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार होण्याचा प्रश्न नाही. श्रद्धेमुळे दुसऱ्याचं रक्त न घेणाऱ्या यहोवाच्या साक्षीदारांपैकी काही जण, नळीची साखळी अंगाशी अखंड ठेवली तर, ही पद्धत स्वीकारतात.

एवढं कौतुक झाल्यावर उण्याकडे वळायलाच हवं, कारण या पद्धतीवरचे आक्षेप तिच्या चाहत्यांच्या उत्साहाइतकेच जुने आहेत. साधा हिशेब करून पाहू. 70 किलोच्या माणसात पाच लिटर रक्त, मायक्रोलिटरला अडीच लाख धरल्या तर अंगात सव्वा लाख कोटी प्लेटलेट्स. त्यातलं एक लिटर रक्त टप्प्याटप्प्याने बाउलमधून गेलं आणि काहीच वाया गेलं नाही असं मानलं, तरी पंचवीस हजार कोटी मिळतात. रक्तपेढीतली एक चांगली एसडीपी पिशवी किमान तीस हजार कोटींची असते. म्हणजे अर्धा-पाऊण तासाच्या खटपटीनंतर हाती येतं ते एका पिशवीहून कमी. बाउल घाईने चालवला किंवा क्लॅम्प चुकला, तर ते त्याच्या निम्म्यावरही येऊ शकतं. शिवाय हे रक्त काढायचं कोणाकडून? ज्याची झडप खराब आहे, ज्याचं हृदय थकलेलं आहे, त्याच्याकडून. त्याचा रक्तदाब कोसळतो, भूलतज्ज्ञाला द्रव द्यावे लागतात, सायट्रेटने कॅल्शियम उतरतं ते सांभाळावं लागतं. पेशंट क्लोपिडोग्रेल हे प्लेटलेट्सना रोखणारं औषध घेत असेल तर त्याच्या प्लेटलेट्स आधीच अपंग आहेत. त्या कितीही जपून राखल्या तरी अपंगच परत येतील.

1998 साली कॅनडातल्या संशोधकांनी तोवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा बऱ्याच चाचण्यांचा दर्जा यथातथाच निघाला, आणि चांगल्या चाचण्यांपुरतं पाहिलं तर फायदा आक्रसला. त्यातच ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडसारखी स्वस्त औषधं रक्तस्राव कमी करू लागली. सोपं औषध असताना अवघड यंत्र कशाला, हा प्रश्न रास्त होता. 2011च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी पद्धतीला होकार दिला, पण दोन अटी घालून: पेशंट जास्त धोक्याचा असावा, आणि पुरेशा प्लेटलेट्स खात्रीने मिळवता याव्यात. मला यातली दुसरी अट फार बोलकी वाटते. ती यंत्राविषयी नाही, चालवणाऱ्याविषयी आहे. ज्यांच्या हाताला क्लॅम्पची ती जराशी मळलेली जागा सापडते, त्यांनीच हे करावं.

2015 साली ह्यूस्टनमध्ये महाधमनीच्या कमानीच्या ऑपरेशनांवर झालेली चाचणी 80 पेशंटांची होती. शरीर गार करून केलेल्या त्या ऑपरेशनांत स्वतःच्या प्लेटलेट्स राखून ठेवलेल्यांना बाहेरचं रक्त आणि रक्तघटक कमी लागले. एका ठिकाणची, लहान चाचणी म्हणून तिचं वजन बेताने धरायचं. तरी तिने जागा बरोबर दाखवली असं वाटतं. साध्या बायपासमध्ये मशीनवरचा वेळ कमी, इजा कमी, म्हणून राखण्याचा लाभही कमी. लांब आणि थंड ऑपरेशनात इजा मोठी, म्हणून राखलेल्याची किंमत वाढते. अनेक चाचण्यांत ‘फरक नाही’ असं उत्तर का आलं, याचाही थोडा उलगडा यातून होतो. प्रश्न चुकीच्या पेशंटला विचारला जात होता.

या पद्धतीला एक अनपेक्षित वंशवेलही फुटला. 1998मध्ये मायामीच्या रॉबर्ट मार्क्स यांनी जबड्याच्या हाडाच्या कलमात प्लेटलेट्सनी समृद्ध प्लाझ्मा वापरून पाहिला. त्यांनी तो काढला तो थिएटरमधल्या अशाच सेपरेटरवर, साडेचारशे मिलीलिटरच्या आसपास रक्तातून सुमारे 70 मिली. आज पुण्या-मुंबईत केस गळतात म्हणून किंवा गुडघा दुखतो म्हणून जे पीआरपी घेतलं जातं, त्याची एक मुळी इथे पोचते. तिथे प्लेटलेट्स मुद्दाम पेटवून त्यांच्या पोटातली वाढीची रसायनं मोकळी केली जातात. हृदयाच्या थिएटरमध्ये त्यांना शेवटपर्यंत पेटू न देणं हेच सगळं काम असतं. केस आणि गुडघ्यावरच्या दाव्यांची परीक्षा वेगळ्या ठिकाणी व्हावी.

सांडलेल्या रक्तातूनच प्लेटलेट्स परत मिळवण्याची वाट आता नव्याने उघडते आहे. फ्रान्समधल्या नांत शहरातल्या आय-सेप या कंपनीच्या यंत्राने फिरवणं सोडून गाळणं स्वीकारलं. तंतूंच्या गाळणीतून प्लाझ्मा, हेपॅरिन आणि मोकळं हिमोग्लोबिन निघून जातं, आणि तांबड्या पेशींसोबत प्लेटलेट्स मागे राहतात. 2023 साली 50 पेशंटांवरचा पहिला अभ्यास ‘अनेस्थेसिऑलॉजी’ या नियतकालिकात आला. त्यात तुलनेचा गट नव्हता, त्यामुळे बाहेरच्या प्लेटलेट्सची गरज त्याने कितपत घटते हे त्यातून कळत नाही. पण विचार म्हणून तो सीक्वेस्ट्रेशनच्या बरोबर समोर उभा आहे. इटालियनांनी पेशींना प्रसंगापासून दूर ठेवलं, फ्रेंच यंत्र प्रसंगातून गेलेल्यांना वेचून आणतं. जखमेच्या पोकळीत पडलेल्या प्लेटलेटने कोलॅजेन आणि थ्रॉम्बिन दोन्ही पाहिलेली असतात. परत आलेल्यांतल्या किती जणी अजून कामाच्या आहेत, यावर त्या यंत्राचं भवितव्य ठरेल. त्याची मोठी जमेची बाजू अशी की ऑपरेशनच्या आधी कोणालाही रक्त काढावं लागत नाही, आणि क्लॅम्पवर कोणाला नजरही ठेवावी लागत नाही. ते यंत्र कसोटीला उतरलं तर सीक्वेस्ट्रेशन बहुधा मागे पडेल, आणि त्याला हरकत घ्यायचं कारण नाही.

तोवर सीक्वेस्ट्रेशनच्या पद्धतीचं मोल काय ठरवायचं? आकड्यांनी पाहिलं तर एक मध्यम प्रतीची, कष्टाची, काही निवडक ऑपरेशनांतच शोभणारी पद्धत. रचनेच्या दृष्टीने पाहिलं तर मात्र तिच्यात एकही फालतू पायरी नाही. हेपॅरिनच्या आधी, सायट्रेटमध्ये, आधी वेगात आणि मग हळू, साध्या तापमानाला, प्रोटामिनच्या नंतर: यातली एक पायरी मागेपुढे करा आणि सगळी मेहनत फुकट जाते. वैद्यकात सुंदर दिसणाऱ्या पुष्कळ गोष्टी चाचणीत उतरत नाहीत, आणि ही अर्धीच उतरली आहे. म्हणून तिचा खरा जाणकार मी त्याला म्हणेन, जो कमानीच्या ऑपरेशनला आग्रहाने ती मागेल, आणि क्लोपिडोग्रेलवर असलेल्या साध्या बायपासच्या पेशंटसाठी बाउलला हातही लावणार नाही.